काचेतला वरवंटा

जुन्या इमारतीत शिकवणं किती छान, असं मला सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकानंही तिथे एप्रिलअखेर नववीला मराठी शिकवलेलं नाही. आमची शाळा जुन्या दिल्लीच्या अंगाला आहे. लाल विटा, लांब व्हरांडे, मान मोडेपर्यंत वर पाहावं लागेल अशी छतं. इंग्रजांच्या काळात माध्यमिक शाळा म्हणून बांधली आणि आजही माध्यमिक शाळाच आहे. मधल्या काळात कोणाला तिचं दुसरं काही करायचं सुचलं नाही, एवढंच तिचं कर्तृत्व. पण त्या कर्तृत्वावर तिला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला आणि आमचे हाल सुरू झाले.

वारसा म्हणजे काय, तर भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे फळा भिंतीवर नाही, जमिनीवर उभा करून भिंतीला टेकवलेला आहे. तारीख वर, चाचणीचे प्रश्न खाली, आणि सर्वांत खालची ओळ लिहायची तर मला साडी सावरून उकिडवं बसावं लागतं. दिनदर्शिका खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली. स्टाफरूमचा नळ गळत होता, तो बदलायची परवानगी मागितली, तर तो मुळात कधी बसवला याचा पुरावा मागणारं पत्र आलं. नळ अजून गळतो. खाली बादली आहे, आणि ती बादली तरी आमची आहे असं आम्ही धरून चालतो.

दर्जा देताना एक अट होती. इमारत अध्यापनासाठी वापरात राहिली पाहिजे, तळमजल्यावरच्या मोठ्या दालनासकट. वापर थांबला की तिचं संग्रहालय करायला लोक टपलेलेच आहेत. आता त्या दालनाच्या छताचा गिलावा अधूनमधून खाली पडतो. तेव्हा सर्वांत कमी मुलं ज्या वर्गात असतील तो वर्ग तिथे भरवावा, असा पोक्त विचार करून प्राचार्यांनी ते दालन मराठीला दिलं. निर्णय ऐकून मी आभार मानले. नंतर वर पाहिलं.

माझी मुलं म्हणजे कोणाचे वडील मंत्रालयात, कोणाची आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, कोणाचे वडील खासदाराच्या गाडीवर. सगळी घरात मराठी बोलतात, पण दिल्लीत वाढल्यामुळे शब्द गळून गेलेले. पळी म्हटलं तर माझ्या तोंडाकडे पाहायची. म्हणून मी घरून वस्तू न्यायला लागले. आज पळी, उद्या झारा, परवा सूप, एकदा अडकित्ता. वस्तू हातोहात फिरायची, मुलं तिच्यावर चार ओळी लिहायची, आणि संध्याकाळी ती माझ्या पिशवीतून सरोजिनी नगरच्या घरी परत यायची. परत आला नाही तो फक्त वरवंटा. तो जड होता, मेट्रोत माझा खांदा उतरायचा. शिवाय दालनाचं सागवानी दार वाऱ्यानं धाडकन आपटायचं. त्याची मूळ कडी हरवली आहे आणि नवी लावता येत नाही. वरवंटा दाराशी ठेवला की दार गप्प. म्हणून तो तिथेच राहिला.

हा वरवंटा माझ्या आईचा. तो दिल्लीत कसा आला हे सांगायला हवं, कारण असला कारभार आमच्याच घरात होऊ शकतो. माझं लग्न झालं आणि मी दिल्लीला निघाले, तेव्हा वर्ध्याजवळच्या आमच्या गावाहून आईनं आपला पाटा-वरवंटा मला द्यायचं ठरवलं. पाटा म्हणजे ठेचा, चटणी, वाटण ज्यावर वाटायचं तो मोठा सपाट दगड, आणि वरवंटा म्हणजे तो हातात धरायचा लांबट गोल दगड. सामान आधीच फार झालं होतं. आईनं शांतपणे जोडी फोडली. हलका तो आत्ता ने, जड तो मागाहून कोणासोबत तरी पाठवते, असं म्हणाली. आता रेल्वेनं दिल्लीला जाताना दुसऱ्याचा पाटा मांडीवर घेऊन कोण बसणार? एकामागून एक पाहुणे आले, संत्री आली, सांडगे आले, पाटा काही आला नाही. अशी सगळी वर्षं पाटा तिकडे आणि वरवंटा इकडे. आईनं तिकडे दुसरा वरवंटा घेतला, पण तो तिच्या हाताला कधी बसला नाही. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं म्हणायची.

बाबा गेल्यावर आई गावात एकटी राहिली. आमच्याकडे ये म्हणून मी किती वेळा विनवलं असेल. शेवटी गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ती तयार झाली. दिवाळीत येते म्हणाली, आणि एकच अट घातली. ती पाटा घेऊन येणार, आणि मी तिचा वरवंटा तिच्या हातात द्यायचा. दुसरं काही मागितलं नाही. खोली कोणती, पलंग कसला, काही नाही. मी तोंड भरून हो म्हणाले.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत सर्वेक्षण झालं. इमारतीची नोंद आधीच होती, आता आतल्या जुन्या वस्तूंची होणार होती. आम्ही सगळे गावी. सर्वेक्षणवाल्यांना दारं उघडून दिली ती पहारेकऱ्यानं, आणि त्यांनी समोर दिसेल त्याला जुनं मानलं. जुलैत मी दालनात आले तर दार धाडकन आपटलं. आत पाहिलं तर कोपऱ्यात लाकडी चौथरा, चौथऱ्यावर काचेची पेटी, पेटीत लाल मखमल आणि मखमलीवर माझ्या आईचा वरवंटा. अंगावर पांढऱ्या रंगात क्रमांक. खाली पाटी होती, हिंदीतून. तिचा मराठी अर्थ असा: पाषाणवस्तू, दंडगोलाकार, उपयोग अज्ञात, युद्धकालीन असण्याची शक्यता.

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. ते सज्जन आहेत, फक्त पत्राला भितात. त्यांनी माझं ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, आपके पास कोई प्रूफ है?"

वरवंट्याचं प्रूफ. आईनं तो दारावर आलेल्या पाथरवटाच्या बायकोकडून घेतला होता, जुनं लुगडं आणि पायलीभर ज्वारी देऊन. ती बाई पावती देत नसे. मी घरातले सगळे फोटो उपसले. बहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत, हसणाऱ्या वऱ्हाडाच्या पाठीमागे, आई वाटायला बसलेली सापडली. म्हणजे आईचं कोपर सापडलं. कोपराच्या पुढे एका काकांचं पोट आलं होतं. मी तो फोटो अर्जाला जोडून वारसा विभागाला पाठवला. उत्तर आलं की छायाचित्रात संबंधित वस्तू दिसून येत नाही, कोपर दिसून येतं, आणि कोपराबाबत विभागाचा कोणताही दावा नाही.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, ती आल्याबरोबर आधी वरवंटाच मागणार होती. ती म्हणाली, "दगडाले काचीत ठेवलं? काहून, त्याले थंडी वाजते काय?" मी हसले. ती हसली नाही. मी यावं की नाही मग, असं तिनं विचारलं. दिवाळीच्या आत सोडवते, असं मी तिला सांगितलं.

आता शनिवारी काय होतं ते सांगते. दर शनिवारी वारसा फेरी येते. टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या घेतलेले लोक वर्ग चालू असताना दालनात शिरतात. मुलं उभी राहून नमस्कार करतात, मी खडू हातात धरून थांबते, आणि लोक आमचे फोटो काढतात. येथे आजही शिकवलं जातं, हे त्यांना दाखवायचं असतं, आणि ते आम्हालाच करून दाखवावं लागतं. एकदा एका बाईंनी मला जरा फळ्याकडे तोंड करायला सांगितलं, कारण तसं जास्त खरं दिसतं. मी केलं.

फेरीचा वाटाड्या लातूरकडचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेला, अनेक प्रयत्न झालेला, दाढीत एखादा पांढरा केस दिसू लागलेला. काचेची पेटी आल्यापासून त्याचा भाव वधारला होता. तो लोकांना पेटीभोवती गोल उभं करायचा, आवाज खाली आणायचा आणि सांगायचा की पानिपतावर जाणाऱ्या मराठी फौजेतला हा दगड असावा, बंदुकीची दारू कुटायचा. लोक गंभीर व्हायचे. पानिपतानंतर कितीतरी वर्षांनी जी इमारत बांधली तिच्यात तो दगड कसा आला, हे कोणी विचारायचं नाही. एकदा पुण्याचे एक गृहस्थ त्याच्यासमोर डोळे पुसताना मी पाहिले.

एका शनिवारी लोक गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि चांगलं झापलं. अरे, तू लातूरचा, तुला वरवंटा ओळखू येत नाही?

"मॅडम, येतो ना ओळखू. आमच्या घरी पण आहे. पण वरवंटा म्हटलं ना, की लोक पुढे चालायला लागतात," तो म्हणाला.

तो खरं तेच बोलत होता.

पुढे प्रकरण आणखी बिघडलं. एका सकाळी काचेवर झेंडूचं फूल दिसलं. दुसऱ्या सकाळी दोन, आणि चिमूटभर कुंकू. कोणी ठेवलं ते कळलं नाही. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे सोडून कुठेही फूल वाहत नाहीत, आणि या वरवंट्याला आईनं आयुष्यभर हिरव्या मिरचीशिवाय काही वाहिलेलं नाही. मी ती फुलं उचलायला गेले तर शिपायानं मला हात जोडून थांबवलं. प्राचार्य म्हणाले की मॅडम, आता तुम्ही हे विसरूनच जा. विभागाचं पत्र परवडलं, फुलाला मात्र हात लावता येत नाही. माझा संताप संताप झाला. दार दिवसभर आपटत होतं, मुलं दचकत होती, आणि दार अडवायला जो दगड होता तो मखमलीवर निजला होता.

दिवाळी आली. आई माझ्या चुलतभावाबरोबर नवी दिल्ली स्टेशनवर उतरली. भावाच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला पाटा होता आणि चेहऱ्यावर नागपूरपासूनचा प्रवास होता. हमालानं विचारलं, माताजी, इसमें क्या है? आईनं सांगितलं, पत्थर. तो म्हणाला, दिल्ली में पत्थर की क्या कमी थी. आईला हिंदी बेताची येते, पण हे तिला बरोबर कळलं, आणि ती टॅक्सीत बसेपर्यंत त्याच्याकडे पाहत होती.

आमचं घर तेव्हा बदललं होतं. सरोजिनी नगरातली जुनी बैठी सरकारी क्वार्टर्स पाडली, तिथल्या अंगणासकट, आणि आम्हाला नव्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. नवरा सकाळी मंत्रालयात, मुलगा नोएडाला आयटीत, मी शाळेत. आई दिवसभर घरी. तिनं पाटा स्वयंपाकघरात टाइलवर मांडला आणि कणकेचा गोळा दाबावा तसा त्याच्यावर नुसता तळवा दाबून पाहिला. तेवढ्यानंही टाइल कुरकुरली. संध्याकाळी मी आले की ती एकच विचारायची, काय म्हणे तुमचा विभाग? मी सांगायची, बघतो म्हणे.

तेव्हा मला युक्ती सुचली. कोपर पुरावा होत नसेल तर पाटा होईल. या पाट्यावर हाच वरवंटा घासून घासून दोघंही झिजलेत, एकमेकांवर ठेवले की कोणालाही दिसेल. विभागाच्या अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या, त्या दिवशी मी गावी परतायच्या बेतात असलेल्या चुलतभावाला रजा वाढवायला लावून पाटा शाळेत नेला, आणि आईलाही. दालनात वस्तू आत आणायला परवानगी लागत नाही. फाटकावर कोणी अडवलं नाही. हे सगळं फार सोपं जातंय, याची मला शंका यायला हवी होती.

अधिकारी बाई बोलायला गोड होत्या. त्यांनी शिपायाकडून फुलं मानानं बाजूला ठेववली, पेटी उघडली, हातमोजे घातले आणि वरवंटा पाट्यावर ठेवला. तो जागच्या जागी बसला. बाईंनी मान डोलावली, पाटी उपयोग ज्ञात अशी दुरुस्त करायला सांगितली, आणि मग माझं अभिनंदन केलं. अपुरी वस्तू पूर्ण झाली होती. त्यामुळे तिचं मूल्य वाढलं होतं. त्यामुळे आता दोन्ही दगड जतन करायचे होते. माझ्या देखत एकानं रंगाची डबी उघडली आणि पाट्यावर पांढरा क्रमांक घातला.

मी रडकुंडीला आले. एक दगड सोडवायला गेले आणि दुसराही घालवून बसले. आईकडे बघायची हिंमत होईना. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. इमारत जशी वापरात ठेवायची तशीच तिच्यातली वस्तूही शक्यतो वापरात ठेवावी, असं नियम सांगतो म्हणे. आठवड्यातून एकदा, अध्यापनाचा भाग म्हणून, याच दालनात, पारंपरिक वापर जाणणाऱ्या व्यक्तीच्या हातून. अशी कोणी व्यक्ती आहे का?

आई मराठी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसली होती. तिनं हात वर केला. वर्गात तसंच करतात, हे तिनं आल्यापासून पाहिलं होतं.

अशा रीतीनं माझ्या आईला शाळेचं ओळखपत्र मिळालं. त्यावर तिचा फोटो आणि पद: परंपरागत वापरकर्ती. निळ्या फितीत ते गळ्यात घालायचं असतं. घरी आल्यावर ती ते काढून बाबांच्या फोटोच्या खिळ्याला अडकवते. आमच्या घरात खिळे ठोकता येतात.

आणि मग शनिवार बदलले. आई सकाळीच लसूण सोलून, मिरच्या भाजून डब्यात भरते, भाकरी फडक्यात बांधते. मेट्रोत तिला बसायला जागा मिळते, तीही ओळखपत्र पाहून, असं तिचं मत आहे. दालनात शिपाई पेटी उघडतो, आई पाटा धुते, पदर खोचते आणि ठेचा वाटते. फेरीतले लोक येतात. वाटाड्यानं पानिपत अजून सोडलेलं नाही. आता तो फौजेतल्या बायका पुरुषांसाठी रोज कशा वाटायच्या हे सांगतो आणि आईकडे हात करतो. आई त्याला मिरचीचा गोळा चाखायला देते आणि परीक्षेचं काय झालं ते विचारते. हा प्रश्न त्याला दिल्लीत दुसरं कोणी विचारत नाही, असं तो मला एकदा म्हणाला. मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतं, तरी भाकरी पुढे करतात. पाहुणे जाईपर्यंत कोणाला व्याकरण आठवत नाही. त्यांना आता वाटण, पूड, ठेचा, खरडा यांतला फरक कळतो. एका मुलीनं निबंधात लिहिलं की आमच्या मराठीच्या वर्गात एक आजी आहेत आणि त्या सरकारी आहेत.

मी मात्र अर्ज थांबवले नव्हते. मला ते सगळं गमतीचं वाटत होतं, पण खरं वाटत नव्हतं. आईचे दगड आईच्या घरी असावेत. मी शब्द दिला होता, दिवाळी होऊन गेली होती, आणि दुसरी दिवाळी जवळ आली होती. मी वर लिहिलं, त्यांच्याही वर लिहिलं. चुलतभावानं गावातल्या पाचजणांच्या सह्या आणल्या की हा पाटा आम्ही ओळखतो, आम्ही त्यावरचं खाल्लं आहे. आणि एका शुक्रवारी प्राचार्यांनी मला बोलावून विभागाचा आदेश हातात दिला. दोन्ही वस्तू मूळ मालकाच्या ताब्यात देण्यात याव्यात. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. त्यांनी मला चहा पाजला.

मेट्रोत मी तो कागद चारदा वाचला. घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात खाली बसून दुसऱ्या दिवशीसाठी लसूण सोलत होती. नवरा आतल्या खोलीत फोनवर, मुलगा अजून आलेला नव्हता. मी तिला सांगितलं, आई, सुटले. उद्या दोन्ही घरी आणू, खाली रबरी चटई टाकू, टाइलचं मी बघते. तुला आता शाळेपर्यंत हेलपाटे नकोत.

आईनं लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली.

"आणू नको. घरी मले कोण इचारते?" ती म्हणाली.

तक्रारीचा सूर नव्हता. भाकरीला पीठ किती लागेल हे सांगावं तसं सांगितलं. मी म्हणाले, असं काय, मी आहे ना. ती मान हलवून हो म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली. ओट्यावर मिक्सर होता, त्याच्यावर झाकण. आमच्याकडे नवऱ्याला पित्त आणि मुलाचं जेवण बाहेरून येतं. या घरात येऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्या हातचा ठेचा आमच्या ताटात एकदाही आला नव्हता. मला फार लागलं ते. मी तिच्याजवळ खाली बसले आणि लसूण सोलायला घेतला. मला नीट सोलता येत नाही, तिनं माझ्या हातातून काढून घेतला. मी पुन्हा घेतला.

सोमवारी मी प्राचार्यांना अर्ज दिला की सदर वस्तू परत नकोत. त्यांनी डोकं धरलं. आता कारण काय लिहू, म्हणाले. मी त्यांच्याच समोर लिहून दिलं, वस्तू अजून वापरात आहेत. पुराव्याचं त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी उठले तेव्हा आई गळ्यात ओळखपत्र घालून, डबा मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. चपला पायात होत्या. तू आंघोळ कर सावकाश, म्हणाली, मी बसते.